माईकताई गप्प बसतात

बसस्थानकावर सगळे त्यांना माईकताई म्हणत. चालक, वाहक, चहावाला, झाडलोट करणाऱ्या मावशी, रोजचे प्रवासी, सगळेच. पगारपत्रकावर नाव वेगळं होतं. त्या नावाने कुणी हाक मारली असती तर ताईंनी वळूनही पाहिलं नसतं.

त्यांचं काम एकच. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली आहे आणि ती कधी सुटणार, ते सांगायचं. खोली फलाटांसमोर, जराशी उंचावर. पुढे भिंतभर काच. काचेतून सहाही फलाट दिसत. टेबलावर माईक. त्या माईकला दुसऱ्या कुणी हात लावलेला ताईंना खपत नसे. एकदा एका नव्या वाहकाने गंमत म्हणून त्यात फुंकर मारली. ताईंनी त्याच्यादेखत माईक ओल्या फडक्याने पुसला, मग कोरड्या फडक्याने पुसला, आणि मग त्याच्याकडे पाहिलं. तो पुन्हा त्या खोलीत आला नाही.

आवाज गोड नव्हता. ताईंना त्याचं वाईटही वाटत नसे. "गोड आवाज गाण्याला," त्या म्हणत. "इथला आवाज इंजिनाच्या पलीकडे पोचला पाहिजे." तो पोचायचा. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे शब्द एकेक सुटे असत. कानाने अधू असलेली म्हातारी माणसंसुद्धा बोचकं उचलून बरोबर आपल्या फलाटाकडे चालू लागत.

आणि त्यांचा एक नियम होता. सुरू केलेली घोषणा मधे तोडायची नाही. ठसका लागो, शिंक येवो, दारात साक्षात आगारातले मोठे साहेब येऊन उभे राहोत. आधी वाक्य, मग शिंक. "अर्धं वाक्य ऐकलं की माणूस अर्ध्या रस्त्यात उभा राहतो," असं त्यांचं म्हणणं.

त्या वर्षी त्यांचा घसा बसला. काढे झाले, गुळण्या झाल्या, गळ्याला मफलर झाला. फरक नाही. शेवटी घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून आत पाहिलं.

"स्वरतंतूंवर गाठी आल्यात. लहान आहेत अजून. दीड-दोन महिने बोलणं बंद."

"म्हणजे हळू बोलायचं का?"

"हळू नाही, बंद. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने उलट जास्त ताण पडतो. ऐकलं नाहीत तर शस्त्रक्रिया. मग आवाज हाच राहील याची हमी मी देणार नाही."

मोठे साहेब माणूस भला. ते म्हणाले, "ताई, तुम्ही पार्सलच्या खोलीत बसा. तिथे बोलावं लागत नाही."

"आणि माईक?"

"बसवू कुणालातरी."

तो 'कुणालातरी' ताईंच्या मनाला लागला. आवाज वाचवायचा तर गप्प बसायचं, आणि गप्प बसायचं तर माईक सोडायचा. ताईंना दोन्ही हवं होतं. म्हणून त्यांनी साधा उपाय केला. पार्सलची खोली टाळली, घरी कडक मौन पाळलं आणि कामावर बोलत राहिल्या.

हे पकडलं वन्संने. वन्सं म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. वरच्या मजल्यावर राहायची, शाळेत संगणक शिकवायची. वयाने लहान असली तरी ताई तिला वन्संच म्हणत आणि अहोजाहो करत. ती मात्र वहिनीला अगंतुगं करायची. एका सकाळी ती शाळेच्या गाडीसाठी फलाटावर उभी असताना 'बंदराकडे' या शब्दावर भोंग्यातला आवाज चिरला. वन्संने गाडी सोडली आणि तरातरा पायऱ्या चढून वर आली.

"वहिनी, घरी खुणा करून मीठ मागतेस आणि इथे सगळ्या गावाला ओरडून सांगतेस होय?"

ताई काही बोलणार तोच तिने बोट ओठावर ठेवलं.

"एक शब्द नको. दादाला सांगू? की डॉक्टरांनाच इथे घेऊन येऊ?"

ताईंनी माईककडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते. वन्सं जराशी विरघळली. खुर्चीच्या हातावर टेकली.

"मला सांग, तुझ्या घोषणेत बदलतं काय? गाडी आणि फलाट. बाकी तेच ते. मग तुकडे रेकॉर्ड करून ठेवू. संगणकावर एक विंडो करू, त्यात बटणं. बटण दाबलं की तुझाच आवाज. तू इथेच बसायचंस, तोंड मिटून."

ताईंनी बोटाने तिच्याकडे दाखवलं. तुम्ही करणार ना?

"मी? शाळेतली तीस माकडं सांभाळून? तू करायचं. मी चुका काढीन. ते मला चांगलं जमतं."

ताईंनी थोडी रजा घेतली. स्थानकावर तोवर गाड्या खडूने फळ्यावर लिहिल्या जाऊ लागल्या, आणि लोक फळ्यासमोर गर्दी करून गाड्या चुकवू लागले. ताई घरी जेवणाच्या टेबलावर जुना लॅपटॉप मांडून बसल्या. तोपर्यंत त्यांनी त्यावर फोटो पाहिले होते, एवढंच.

वन्संने त्यांना टूलकिट म्हणजे काय ते सांगितलं. विंडो, बटण, अक्षरांची पट्टी, लिहायची चौकट, हे सगळं कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं. आपण फक्त सांगायचं, मला एक विंडो दे, त्यात हे बटण ठेव, त्यावर असं लिही. ताईंनी ओळीखाली ओळ टाइप केली आणि प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर काहीतरी लवलं. पाहीपर्यंत गेलंसुद्धा.

त्यांनी पडद्याच्या मागे वाकून पाहिलं.

"मागे काय बघतेस? पडलीय का तिथे?" वन्सं हसायला लागली. "शेवटची ओळ राहिलीय. तू तिला ये म्हणालीस, थांब म्हणालीच नाहीस. शेवटी एक फेरा लावायचा असतो. म्हणजे प्रोग्रॅमला सांगायचं, इथेच बस, कुणी बटण दाबतंय का ते बघत राहा, दाबलं की त्याचं काम कर, आणि पुन्हा बघत बस. कुणी विंडो बंद करेपर्यंत."

ताईंनी ती ओळ लिहिली. विंडो आली आणि थांबली. राखाडी, रिकामी, वरच्या कोपऱ्यात बंद करायची फुली. ताई तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. कुणी काही म्हणतंय का ते बघत बसून राहायचं. त्यांना वाटलं, ही तर माझीच नोकरी.

पहिली कामाची विंडो त्यांनी भांडायला बनवली. लिहायची एक चौकट आणि एक बटण. चौकटीत टाइप करून बटण दाबलं की तेच शब्द खाली हाताएवढ्या अक्षरांत दिसत. त्यातली पहिली हाताएवढी अक्षरं होती, 'वन्सं, जरा हळू शिकवा.'

"मी हळूच शिकवतेय. तूच घाईची आहेस."

ताईंनी टाइप केलं. बटण दाबलं. 'घाई नाही. भीती आहे.'

वन्संने उठून दोघींसाठी चहा ठेवला.

मग रेकॉर्डिंग. डॉक्टरांनी कुरकुरत परवानगी दिली. सकाळी वाफ घेतल्यावर, अगदी थोडं, न ओरडता. ताई कपड्यांच्या कपाटात शिरल्या. तिथे आवाज घुमत नाही. नवऱ्याच्या गरम कोटाला गाल लागलेला, हातात फोन, बाहेर दाराला पाठ लावून पहाऱ्याला वन्सं. वाफेने आवाज तेवढ्यापुरता सुटायचा, म्हणून रोज काही तुकडेच. 'फलाट क्रमांक.' 'बंदराकडे जाणारी गाडी.' 'जुन्या पुलामार्गे.' 'टेकडीवर जाणारी गाडी.' 'थोड्याच वेळात सुटेल.' आकडे त्यांनी दोन दोन वेळा म्हटले. वाक्याच्या मधे येणारा चार वेगळा आणि शेवटी येणारा चार वेगळा. मधल्या चारचा सूर वर जातो, पुढे काहीतरी आहे असं सांगतो. शेवटचा खाली उतरतो. वन्संला हा फरक कपाटाबाहेर उभं राहून पहिल्यांदाच कळला. तिने तो कबूल केला नाही.

बटणं कशी मांडायची यावर मोठं रण माजलं. वन्संने एकाखाली एक, एक ते सहा अशी रांग सुचवली होती. ताईंनी हाताएवढ्या अक्षरांत 'नाही' दाखवलं. त्यांच्या काचेतून सहावा फलाट डावीकडे दिसायचा आणि पहिला उजवीकडे. म्हणून विंडोतही आडवी रांग, डावीकडून सहा, पाच, चार.

"उलटं दिसेल गं. नवीन माणूस गोंधळेल."

'नवीन माणूस कोण?'

वन्संने हात जोडले आणि विंडोत बटणं उलटी बसवून दाखवली.

एका रविवारी दुपारी सगळी बटणं बसली. प्रत्येक बटणाला ताईंनी त्याचं काम जोडून दिलं. पुढच्या खोलीत नवरा झोपला होता. तो बंदराच्या गाडीवर चालक. लग्नाआधीपासून रोज तो हा आवाज ऐकून गाडी फलाटाला लावायचा. ताईंनी प्रोग्रॅम चालवला. विंडो आलीच नाही. त्याऐवजी लॅपटॉप खणखणीत बोलू लागला. बंदराकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे. टेकडीवर जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे. एकामागून एक, सगळ्या.

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. नवरा दारात आला. एका पायात बूट.

"अगं, किल्ली कुठाय माझी? लागली म्हणे गाडी."

वन्सं टेबलावर डोकं टेकून हसत होती. ताईंना हसायचीही बंदी होती. त्यांनी पदर तोंडात कोंबला. खांदे तेवढे हलत राहिले. चूक बारकी होती. बटणाला 'दाबल्यावर हे कर' असं सांगायच्या जागी त्यांनी 'हे आत्ताच कर' असं लिहून ठेवलं होतं. दोन कंस जास्तीचे. ते काढल्यावर विंडो शहाण्यासारखी आली आणि बोट लावेपर्यंत गप्प राहिली.

शेवटी वन्संने विचारलं, "आवाज वाजत असताना प्रोग्रॅमने काय करायचं? वाजून संपेपर्यंत थांबायचं की पुढचं बघायचं?"

ताईंनी विचारसुद्धा केला नाही. 'थांबायचं. घोषणा मधे तुटता कामा नये.'

वन्संला त्यात काहीतरी खटकलं होतं, असं ती नंतर म्हणाली. पण शाळेच्या परीक्षा चालू होत्या, आणि वहिनीचा चेहरा इतका ठाम होता की तिने तसंच लिहू दिलं.

सोमवारी सकाळी लॅपटॉप भोंग्याच्या यंत्राला जोडला. बघायला खोलीत कंट्रोलर आले. गाड्या लावणं, सोडणं त्यांच्याकडे. शिट्टी कायम ओठात. माणूस इतका बुजरा की बोलण्यापेक्षा शिट्टीने जास्त सांगायचा. मोठे साहेबही दारात उभे राहिले.

ताईंनी बंदराचं बटण दाबलं, मग चारचं. भोंग्यातून त्यांचा आवाज निघाला. निरोगी, स्वच्छ. फलाटावर लोकांनी माना वर केल्या. चहावाल्याने खालून हात हलवला.

"वा," मोठे साहेब म्हणाले.

तेवढ्यात खाली एक बंद पडलेली गाडी चार नंबरवर अडली. बंदराची गाडी सहाकडे वळली. घोषणा अजून चालूच होती. कंट्रोलरांनी काचेतून पाहिलं आणि पुढे होऊन सहाचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. विंडो पांढुरकी पडली.

"अडकलं वाटतं," असं म्हणत त्यांनी बंदर दाबलं, सहा दाबलं, घाबरून पाच दाबलं, टेकडी दाबलं, पुन्हा सहा. माणूस घाबरला की लिफ्टचं बटण जसं दाबत राहतो, तसं.

विंडो अडकली नव्हती. ताईंनी सांगितलं होतं तेच करत होती. एक वाक्य संपेपर्यंत दुसरीकडे बघायचं नाही. पण दाबलेलं प्रत्येक बटण तिने बाहेर रांगेत उभं करून ठेवलं होतं. पहिली घोषणा संपली आणि रांग सुटली.

बंदराची गाडी सहावर. बंदराची गाडी पाचवर. टेकडीची गाडी पाचवर. टेकडीची गाडी सहावर. ताईंच्या आवाजावर या लोकांनी कधी शंका घेतली नव्हती. त्यांनी आताही घेतली नाही. बोचकी उचलली आणि पळाले. सहाकडे पळाले, पाचकडे पळाले, तिथून येणाऱ्यांवर आदळले. एक म्हातारा घसरून पडला. गाड्या रिव्हर्समध्ये मागे येत होत्या. ताईंनी घोषणा बंद करायचं 'थांबा' बटण दाबलं. ते बटणही रांगेत जाऊन उभं राहिलं, सगळ्यांच्या शेवटी.

ताईंनी माईक ओढला.

"प्रवाशांनी आहे तिथेच थांबावं. कुणीही पळू नये."

भोंग्यातून दोन आवाज येत होते. एक त्यांचाच, स्वच्छ, शांतपणे चुकीचं सांगणारा. दुसरा त्यांचाच, फाटका, त्याच्यावर ओरडणारा. "थांबा. मी सांगतेय, थांबा." लोक थांबले ते फाटक्या आवाजाला. तिसऱ्या वाक्यात तो आवाज गेला. ओठ हलत राहिले, आवाज नाही. कोणीतरी यंत्राची तार उपटली.

म्हाताऱ्याचं कोपर सोललं होतं, बाकी कुणाला काही झालं नाही. मोठे साहेब एवढंच म्हणाले, "ताई, हे खेळणं घरी न्या."

डॉक्टर संध्याकाळी बराच वेळ आत पाहत राहिले. मग म्हणाले, "अजून वेळ गेलेली नाही. पण आता पुन्हा एकदा असं झालं तर मी जबाबदार नाही. एकदासुद्धा नाही हं."

घरी ताईंनी लॅपटॉप मिटून कपाटात ठेवला. दोन दिवस त्या भांडायच्या विंडोकडेही गेल्या नाहीत. नवरा वाटीत भात कालवून पुढे ठेवायचा आणि समोर बसून राहायचा. तिसऱ्या दिवशी दारात कंट्रोलर आले. हातात टोपी. शिट्टी खिशात.

"मी साहेबांना सांगितलंय," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "बटणं मी दाबली होती. ताईंनी एकच घोषणा लावली होती. आणखी एकदा बघू म्हणालेत." एवढं बोलून त्यांना घाम फुटला.

ते गेल्यावर वन्संने लॅपटॉप बाहेर काढला.

"चूक माझीही आहे. मला माहीत होतं. बटणाने काम स्वतः करत बसायचं नसतं, काम सांगून मोकळं व्हायचं असतं. तुमचे कंट्रोलर शिट्टी मारून गाडी सोडतात. गाडीत बसून बंदरापर्यंत जातात का? गेले तर मागच्या गाड्या कोण सोडणार?"

ताई ऐकत होत्या. मग त्यांनी विंडो उघडली आणि सावकाश टाइप केलं.

'मी वाक्य तोडत नाही. पण वाक्य चालू असताना काचेतून बघत असते. गाडी वळली की मला बोलता बोलताच दिसतं. पुढचं वाक्य मनात तयार होतं.'

वन्संने वाचलं. पुन्हा वाचलं.

"म्हणजे तोंड एका कामावर आणि डोळे दुसऱ्या."

'हिला मी तोंड दिलं. डोळे मिटून टाकले.'

त्या आठवड्यात त्यांनी प्रोग्रॅमचे दोन भाग केले. एक भाग फक्त बोलणारा. समोर आलेली घोषणा घ्यायची, वाजवायची, पुढची घ्यायची. दुसरा भाग फक्त बघणारा. तो कधीच अडकून राहणार नाही. दाबलेलं बटण लगेच टिपून घेणार आणि बोलणाऱ्याच्या हाती देणार. विंडोत उजवीकडे एक पट्टी केली. कोणत्या घोषणा वाट बघतायत ते तिथे दिसू लागलं. चुकीची असेल तर बोलली जाण्याआधीच खोडता येऊ लागली. 'थांबा'ला त्यांनी रांगेतून बाहेर काढून वेगळं बसवलं, लाल रंगात. तरी एक हट्ट सोडला नाही. 'थांबा' दाबलं तरी चालू वाक्य पूर्ण होणार, मगच शांतता.

"तू सुधारणार नाहीस," वन्सं म्हणाली.

ताईंनी टाइप केलं, 'नाही.'

दुसरी चाचणी सुरळीत पार पडली. इतकी की मोठे साहेब कंटाळून निघून गेले. त्यानंतरचे दिवसही तसेच. ताई काचेसमोर बसत, बोटाने बटणं दाबत, पट्टीवर नजर ठेवत. फलाटावरच्या कुणाला काही कळलं नाही. लोकांना वाटलं, ताईंचा घसा सुटला. त्या शेजारी ठेवलेला माईक अजूनही रोज पुसत. बंद ठेवलेला.

मग एका सकाळी झाडूवाल्या मावशी एका आजीबाईंना हाताला धरून वर घेऊन आल्या. कंट्रोलर तिथेच उभे होते.

"या हरवल्यात," मावशी म्हणाल्या.

"मी कशाला हरवू?" आजीबाई म्हणाल्या. "मी होते तिथेच होते. पोरगा हरवलाय."

कंट्रोलरांनी शिट्टी ओठातून काढली. "किती वर्षांचा आहे?"

"पन्नाशीला आलाय. पाणी आणतो म्हणून गेला. टेकडीच्या गाडीचं तिकीट त्याच्याकडे, पिशवी त्याच्याकडे, आणि तो कुठेय देवाला ठाऊक. मी चढले असेन असं समजून गाडीत जाऊन बसेल. त्याला तेवढीच अक्कल."

टेकडीची गाडी दोनवर उभी होती. भरत आली होती. पुढची थेट संध्याकाळी.

"नाव काय त्याचं?"

"घरात बाळ म्हणतो आम्ही."

"पूर्ण नाव सांगा, आजी."

"तुला काय सोयरीक जुळवायचीय? बाळ म्हटलं की येतो तो."

ताईंच्या विंडोत बंदर होतं, टेकडी होती, जुना पूल होता, सहाही फलाट होते. बाळ नव्हता. त्यांनी लाल बटण दाबलं. चालू वाक्य संपलं. स्थानकावर शांतता पडली. मग त्यांनी माईकचा खटका वर केला. हात आपोआप गेला.

एकच वाक्य. घशात आज दुखत नव्हतं. इतक्या दिवसांच्या विश्रांतीनंतर तो आतून मोकळा वाटत होता, आणि तेच मोठं फसवं होतं. वन्सं शाळेत होती. नवरा बंदराच्या वाटेवर. कुणी बघणार नव्हतं. शब्द जिभेवर येऊन उभे राहिले. ताईंनी श्वास घेतला.

"ताई, नका," कंट्रोलर म्हणाले. "मी बोलतो."

ते पुढे झाले. माईकसमोर उभे राहिले. कपाळावर घामाचे थेंब.

"प्रवाशांना... अं... सूचना... अं..."

पुढचा शब्द सुचेना तेव्हा त्यांनी आयुष्यभर केलं तेच केलं. शिट्टी मारली. भोंग्यातून ती सगळ्या स्थानकावर घुमली. तीन चालकांनी इंजिनं सुरू केली. त्यांतला एक टेकडीच्या गाडीचा.

ताईंनी त्यांच्यापुढून माईक ओढून घेतला. खाली दोनवर वाहक दार लावत होता. त्यांनी माईक तोंडापाशी आणला. तोंड उघडलं. क्षणभर तसाच धरला.

मग तो वळवून आजीबाईंच्या पुढे नेला आणि त्यांच्या हातात दिला.

आजीबाईंनी आधी माईककडे, मग ताईंकडे पाहिलं. "ह्यात बोलू? त्याला ऐकू जाईल?"

ताईंनी मान हलवली.

"बाळ," आजीबाई म्हणाल्या, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकल्या. मग त्यांना ते आवडलं. "अरे ए बाळ. कुठे उलथलास? मी गाडीत नाहीये. त्या काचेच्या खोलीत बसलेय, माणसं चांगली आहेत इथली. गाडीत चढला असशील तर उतर खाली. आणि ओ टेकडीच्या गाडीवाले, थांबा जरा, आम्हाला दोघांना यायचंय. बाळ, धावत ये पण बघून ये, मागच्या वेळी गुडघा फोडून घेतलास. आणि पाणी मिळालं का?"

सगळं स्थानक ऐकत होतं. टेकडीच्या गाडीचं इंजिन बंद झालं. चालक खिडकीतून डोकं बाहेर काढून वर बघू लागला. पाचवर उभ्या असलेल्या एका बाईने आपल्या म्हाताऱ्या आईचा हात धरला. दोनच्या गाडीतून एक टक्कल पडलेला माणूस उतरला, दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या, चेहरा लालबुंद. लोकांनी त्याला वाट करून दिली. कुणीतरी म्हणालं, "जा बाळ, आई बोलावतेय."

तो पायऱ्या चढून वर आला.

"आई, अगं सगळ्यांसमोर."

"मग काय तुझ्या कानात येऊन सांगू? कान सापडायला नको?"

हेही भोंग्यातून गेलं. माईक अजून त्यांच्याच हातात होता. ताईंनी त्यांना तोडलं नाही. बोलून झाल्यावर आजीबाईंनी तो दोन्ही हातांनी परत दिला, तान्हं मूल द्यावं तसा.

"तू का गं बोलत नाहीस?"

"डॉक्टरांनी बंद केलंय त्यांचं बोलणं," कंट्रोलर म्हणाले. ते अजून भिंतीला टेकून उभे होते.

"बरं केलंस, नाही बोललीस ते," आजीबाई ताईंच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या. "मला काय, मी दिवसभर बोलते."

दोघं टेकडीच्या गाडीत चढली. ताईंनी खटका खाली केला, विंडोत टेकडी आणि दोन दाबलं, आणि त्यांच्याच आवाजाने सांगितलं, थोड्याच वेळात सुटेल.

संध्याकाळी नवरा घरी आला. बूट काढता काढता म्हणाला, "बंदरावर सगळे हसत होते. स्थानकावर नवीन बाई आल्यात म्हणे. तुझ्याहून आवाज मोठा. कोण गं त्या? साहेबांनी तुझ्या जागी आणल्या की काय?"

ताईंनी लॅपटॉप ओढला. टाइप केलं. बटण दाबलं.

'जागा माझीच होती. माईक मी दिला.'

नवऱ्याने ती हाताएवढी अक्षरं वाचली. एक बूट हातातच राहिला.

"तू दिलास?" तो म्हणाला. "तू? दुसऱ्याच्या हातात?"

ताईंनी मान डोलावली. मग पुन्हा लॅपटॉपकडे वळल्या आणि टाइप करू लागल्या. सांगण्यासारखं खूप होतं. तो शेजारी खुर्ची ओढून बसला, आणि एकेक वाक्य मोठ्या अक्षरांत येईल तसं वाचत राहिला.